उंच कपाशीची गोष्ट

घाटंजीच्या बाजाररस्त्यावर रिजवानचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर त्याचं घर. त्या घराच्या खिडकीशी बसून त्याची बायको अतिया गोष्टी लिहायची. ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली होती, त्यामुळे घरात उर्दू-हिंदी चालत असलं तरी लिहायला बसली की हात आपोआप मराठीकडे वळायचा. तिच्या गोष्टी इथल्याच असायच्या, पण त्यात इथं कधी न घडलेलं काहीतरी घडायचं. एका गोष्टीत एका सकाळी साऱ्या गावाची सावली पडायची बंद झाली होती. रिजवानने ती वाचून विचारलं होतं की मग पुढं काय झालं. अतियाने सांगितलं की पुढं काहीच नाही, लोक कामाला गेले. रिजवान म्हणाला की हे तर फारच वाईट झालं.

दोन हजार सतराच्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. म्हाताऱ्या माणसांनीही एवढी उंच कपाशी पाहिली नव्हती. अळीच्या भीतीने लोक पुन्हा पुन्हा फवारत होते आणि दुकानापुढे फवारणीच्या पंपांची रांग लागलेली असायची. माणसं तोंडाला दुपट्टे गुंडाळून यायची, पंप ठेवायची, जायची. एकदा रिजवान जेवायला वर आला म्हणून अतिया खाली बसली होती, तेव्हा त्यातला एक जण तिला म्हणाला, "अतिया, तू मले ओळखलं नाई." सातवीपर्यंत तो तिच्या वर्गात होता. त्याने तोंडावरचं फडकं काढलं तरी तिला काही आठवलं नाही. ओळखल्यासारखं करून तिने वेळ मारून नेली. रात्रभर मात्र तिला ते लागून राहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिने लिहायला घेतलं.

ती गोष्ट अशी होती. एका मुलखात कपाशी दर वर्षी हातभर वाढत जाते. कोणी ती थांबवू शकत नाही. शेवटी ती घरांपेक्षा उंच होते, आणि सकाळी जो माणूस फवारायला आत जातो त्याला संध्याकाळपर्यंत घरचे विसरून गेलेले असतात. रडारड होत नाही, कारण कोणी गेलंय हेच कोणाला ठाऊक नसतं. त्याचं ताट मांडलं जात नाही, त्याची खाट उचलून आत ठेवली जाते. असा एक माणूस दिवस मावळताना परत येतो. त्याची बायको दारात येते आणि परक्या माणसाला विचारावं तसं विचारते, "कोण पाहिजे?"

इथं गोष्ट संपत होती.

ती तिने पहिल्यांदा वाचून दाखवली नेमसिंग गुरुजींना. नेमसिंग तिथून अकरा किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यातले, अठ्ठेचाळीस वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. कविता लिहायचे. एक संग्रह निघाला होता आणि त्यातल्या बहुतेक कविता मरणाबद्दल, म्हणजे खरं तर आपण नसण्याबद्दल होत्या. दर बाजाराच्या दिवशी ते दुकानातल्या बाकावर चहा घ्यायचे, अतिया पायऱ्या उतरून यायची, आणि गिऱ्हाइकांच्या गलबल्यात दोघं एकमेकांना आपलं लिहिलेलं ऐकवायची. घाटंजीत त्या दोघांखेरीज अशा गोष्टींवर बोलणारं कोणी नव्हतं.

गोष्ट ऐकून गुरुजी म्हणाले, "तुमी दारातच थांबले, अतियाबाई. खरं भेव त्याच्या पुढं हाय."

"पुढं काय आहे?"

"त्या माणसालेबी वाटते का हिचं बरोबर हाय. आपण कोणी नोतोच."

 अतियाने कबूल केलं की हे तिला सुचलं नव्हतं आणि सुचलं असतं तरी लिहिता आलं नसतं. तेव्हा गुरुजींनीच सुचवलं की गोष्ट तिची राहू द्यावी आणि मध्ये मध्ये त्या माणसाच्या तोंडी कविता असाव्यात, त्या ते लिहितील. यवतमाळच्या विमलताई दरवर्षी दिवाळी अंक काढायच्या. त्यांना फोन केला तर त्या लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, बारा पानं ठेवते, पण सप्टेंबर संपायच्या आत द्या.

आठ दिवसांनी गुरुजींनी चार ओळी आणल्या.

*मी घरी आलो तेव्हा*
*दाराने मला विचारलं नाही*
*म्हणून मीही सांगितलं नाही*
*की मी गेलो होतो.*

ओळी चांगल्या होत्या, आणि पुढे काही येत नव्हतं. पुढच्या बाजाराला गुरुजी रिकाम्या हाताने आले आणि चिडलेले होते. म्हणाले की माणूस परत आला ते लिहिता येतं, पण आत असताना त्याचं काय होतं ते लिहिता येत नाही. शेत त्यांच्या घरचं होतं, चार एकर, पण सगळं धाकटा भाऊ किसनसिंग पाहायचा. वीस वर्षांत गुरुजींनी पाठीवर पंप घेतला नव्हता.

"मग जाऊन पाहा ना, गुरुजी," अतिया म्हणाली. "शेत तर घरचंच आहे."

तिने ते सहज म्हटलं. हसतच म्हटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी दुकानात आले आणि त्यांनी किसनसिंगचा दुरुस्तीला टाकलेला चार्जिंगचा पंप उचलला. रिजवानने त्याला त्या साली नवीनच आलेलं बारीक नोझल बसवलं होतं. त्यातून औषध थेंबांनी पडत नसे, धुरासारखं निघे आणि हवेत रेंगाळत राही. लोकांना ते आवडायचं, कारण कमी वेळात जास्त शेत व्हायचं. रिजवानने तोंड बांधायला सांगितलं. गुरुजी हो म्हणाले आणि पिशवीत एक वही आहे का ते चाचपून पाहून निघाले.

रविवारी दुपारी दोन वाजता किसनसिंगचा फोन आला. त्याने रिजवानला विचारलं की दादानं काल दुकानातून जाताना कोणतं औषध घेतलं होतं ते माहीत आहे का. रिजवान म्हणाला, आपल्याकडे औषध नसतं, काय झालं? किसनसिंगचा आवाज बारीक झाला होता. तो म्हणाला, दादा वेड्यासारखं करून राहिला, गाडी घेऊन या.

रिजवानने शेजाऱ्याची व्हॅन मागून घेतली. अतिया चपला घालून आधीच खाली येऊन उभी होती. त्याने तिला घरी थांबायला सांगितलं नाही.

तांड्यात अंगणभर माणसं होती. गुरुजी खाटेवर बसलेले होते, सदरा घामाने चिंब, हनुवटीवरून लाळ गळत होती. दोघांनी त्यांना दंडाला धरलं होतं, कारण ते सारखे उठून शेताकडे निघत होते. त्यांची बायको नंदाबाई ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसत होती. गुरुजींनी तिचा हात बाजूला केला, तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि अगदी सभ्यपणे, पाहुण्या बाईला विचारावं तसं, आपल्या गोरबोलीत विचारलं, "तू कुण छी?"

तू कोण आहेस, एवढंच. अंगणातल्या कोणाला त्यात नशेपलीकडे काही वाटलं नाही.  अतियाने मात्र व्हॅनच्या दाराला धरलं. तिला वाटलं, हे मी लिहिलंय. उलटं लिहिलं, पण मीच लिहिलंय.

 नंदाबाई त्यांचं तोंड पुसत राहिली.

घाटंजीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गुरुजींच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि लगेच नर्सला हाक मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, यवतमाळला न्यायला अँब्युलन्स बोलावली, आणि किसनसिंगला विचारलं की काय फवारलं. त्याला ठाऊक नव्हतं. घरात एक डबा होता, तो त्याने आणला होता, पण तो तर फोडलेलाही नव्हता. दादाने आणखी काहीतरी आणलं होतं आणि सगळं शेतातच कालवलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हल्ली लोक तीन-तीन औषधं एकत्र करतात. एकावरचा उतारा दुसऱ्याला चालत नाही. काय होतं ते कळलं तर तिकडच्या डॉक्टरांना अंदाज येईल. डबे शोधा. आज, आत्ता."

त्यांनी आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. नंदाबाई आणि तांड्यातले दोघं अँब्युलन्समध्ये बसले. किसनसिंग, रिजवान आणि अतिया शेताकडे निघाले तेव्हा साडेचार वाजले होते.

बांधावर उभं राहिलं तर शेत दिसतच नव्हतं. समोर नुसती हिरवी भिंत होती आणि तिच्या वर आभाळ. किसनसिंगने दोघांना तोंड, हात झाकून घ्यायला सांगितलं, पानं अजून ओली असतील म्हणाला. दादा कोणत्या तासात, म्हणजे ओळीत, होता ते त्याला माहीत नव्हतं. दुपारी तो बांधाच्या पार पलीकडच्या टोकाला बाहेर पडलेला दिसला होता. तिघांनी तीन बाजूंनी शिरायचं ठरलं. अतियाने ओढणी तोंडाला दोन वेढे घेऊन बांधली आणि आत गेली.

पहिली वीस-पंचवीस पावलं तिला बाहेरचा उजेड पाठीला जाणवत होता. मग तो गेला. दोन्हीकडची झाडं वर एकमेकांत गुंतली होती आणि आतली हवा हलत नव्हती. एक गोडसर, घशाला चिकटणारा वास होता. पानं गालाला, कपाळाला लागत होती. तिने कपाशीचं पाच पानं वर्णन लिहिलं होतं आणि त्यात हा वास नव्हता, ही उष्णता नव्हती. आपण किती आत आलो हे तिला सांगता आलं नसतं. रिजवानचा आवाज आला, "अतिया", पण तो ज्या बाजूने यायला हवा होता त्याच्या दुसऱ्याच बाजूने आला. तिने ओ दिली. तिचं तिलाच कळलं की आवाज फडक्यातून बाहेर पडला नाही. तिने ओढणी खाली ओढून पुन्हा ओ दिली आणि खोकला सुरू झाला. पुन्हा हाक आली नाही.

ती थांबली. मागं वळावं असं तिला फार वाटलं. मग तिच्या मनात आलं की आता मी बाहेर पडले आणि रिजवानने माझ्याकडे पाहून विचारलं, तुम्ही कोण, तर? हा विचार तिने इतक्या वेळा कागदावर केला होता, चवीने केला होता. आता तो आला तशी ती खाली बसली. खाली बसल्यामुळे तिला दिसलं. खोडांच्या खालच्या मोकळ्या भागातून, तीन तासं सोडून, काहीतरी निळं होतं.

तो पंप होता. सरळ उभा ठेवलेला. बाजूला एक बादली, काडी, दोन डबे, आणि एका डब्याखाली दाबून ठेवलेली वही.

ती डबे आणि वही उराशी धरून जिकडे उजेड वाटला तिकडे पळत सुटली आणि तिसऱ्याच बांधावर बाहेर पडली. रिजवान धावत आला. त्याने तिचं नाव घेतलं, मग रागाने विचारलं की ओ काहून देत नव्हती. तिला रडू फुटलं. पण हातातले डबे तिने सोडले नाहीत.

बांधावर रेंज होती. रिजवानने डब्यांचे फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवले. अतियाने वही उघडली. गुरुजींनी कवितेसाठी टिपणं केली होती, वेळ घालून, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा सुबक अक्षरांत. पहिल्याच पानावर पहिल्या पंपात काय काय घातलं ते होतं. दोन डब्यांची नावं होती आणि तिसरं एका पुडीचं नाव होतं. ती पुडी शेतात कुठेच सापडली नव्हती. अतियाने फोनवर ते नाव अक्षर अक्षर सुटं करून दोनदा सांगितलं. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हे महत्त्वाचं होतं, मी यवतमाळला कळवते.

परतताना व्हॅनमध्ये अतियाने पुढची पानं वाचली. साडेदहा: झाड डोक्याच्या वर, आभाळाची नुसती चिंधी दिसते. साडेअकरा: दुपट्टा ओला झाला, श्वास घेता येत नाही, काढून टाकला. बारा: तोंडाला पाणी सुटून राहिलं, चिंचेची आठवण आली. पावणे एक: अक्षर मोठं काढतो आहे कारण दिसत नाही. त्यानंतरच्या पानावर नुसत्या आडव्या रेघा होत्या. तिने त्या पुष्कळ दिवस लावून पाहिल्या. लागल्या नाहीत.

यवतमाळच्या वॉर्डात फवारणीने आजारी झालेली आणखी अकरा माणसं होती. गुरुजींना दुसऱ्या दिवशी श्वासाच्या मशीनवर ठेवलं. उताऱ्याच्या औषधानेही माणूस बरळतो म्हणून त्यांचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. मंगळवारी अतिया आणि रिजवान भेटायला गेले तेव्हा नंदाबाई वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली होती. किसनसिंगने तिला वहीचं सगळं सांगितलेलं होतं. रिजवान डॉक्टरांकडे गेला तेवढ्यात तिने अतियाला जवळ बोलावलं.

"मास्तर कायले गेलते शेतात?"

अतियाला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, "आम्ही एक गोष्ट लिहीत होतो, भाभी. त्याच्यासाठी."

"तुमी म्हनलं होतं, जा म्हणून?"

"म्हटलं होतं."

नंदाबाईने मान हलवली. तिचा आवाज चढला नाही. "दोन लेकरं हायेत आमाले. आता तुमी येऊ नका, बाई."

त्यानंतरचे दिवस अतियाने कसे काढले ते रिजवानलाच ठाऊक. शेतातून आल्यापासून दोन दिवस तिचे डोळे चुरचुरत होते, ते बरे झाले, पण ती खिडकीशी बसेना. स्वयंपाक करताना मध्येच थांबायची आणि रिजवानला हाक मारायची. तो काय म्हणून विचारायचा, तर काही नाही म्हणायची. त्याने ओ दिली की तिला पुरत असे. गोष्टीचे कागद तिने ट्रंकेत, रजयांच्या खाली घातले. इतकी वर्षं आपण भीतीशी खेळत होतो, असं तिला वाटायचं, आणि खेळता खेळता एका जिवंत माणसाला भीतीच्या हातात दिलं.

रिजवाननेही काही केलं. बारीक नोझल बसवणं त्याने बंद केलं आणि दुकानात खडूने पाटी लिहिली की तोंड बांधायचं कबूल केल्याशिवाय पंप मिळणार नाही. लोक हसायचे आणि तोंड बांधलेलंच असायचं ते दाखवायचे. काही जण दुसऱ्या दुकानात गेले. वॉर्डातल्या अकरांपैकी तिघं वारले. त्यातला एक, फकिरा नावाचा मजूर, त्याच्याच दुकानातून पंप घेऊन गेला होता. हे कळलं त्या दिवशी रिजवानने दुकान उघडलं नाही.

सहाव्या दिवशी गुरुजींची मशीन निघाली, आणि दसऱ्याच्या आधी ते घरी आले. अतियाला हे किसनसिंगकडून कळायचं. विमलताईंचे फोन येत होते. अंक नेहमीप्रमाणे मागे पडला होता आणि त्या थांबायला तयार होत्या, पण बारा पानांचं काय ते सांगा म्हणत होत्या. अतियाने त्यांना सांगितलं की ती गोष्ट आता छापायची नाही. विमलताईंनी विचारलं, गुरुजींनाही हेच वाटतं का? ते अतियाने गुरुजींना विचारलेलंच नव्हतं. वहीही अजून तिच्याकडेच होती. शेवटी तिने ठरवलं की वही परत करायची, तेवढ्यासाठी जायचं, आणि हाकलून दिलं तर निघून यायचं.

ती एकटीच एसटीने गेली. गुरुजी अंगणात खाटेवर होते. निम्मे झाले होते. त्यांना जवळचं वाचता येत नव्हतं, अक्षरं एकात एक मिसळायची. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं आणि बसायला सांगितलं. नंदाबाई सुपात मुगाच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. ती जा म्हणाली नाही, सोलत राहिली.

अतियाने वही खाटेवर ठेवली आणि माफी मागितली. गुरुजी म्हणाले की ते काही लहान लेकरू नव्हते, आपल्या पायाने गेले होते. मग तिने विचारलं, जे विचारायला ती घाबरत होती. आत काय होतं?

"काहीच नोतं," गुरुजी म्हणाले. "तहान लागलती एवढं ध्यानात हाय. मंग दवाखानाच. वीस वर्षं म्या शाळेच्या पडवीत बसून नसण्यावर कविता लिहिल्या, अतियाबाई. माह्या कवितेत होतं तेवढंबी तिथं नोतं."

अतियाने विमलताईंचा प्रश्न सांगितला तेव्हा ते म्हणाले की गोष्ट छापू नये असं त्यांना वाटत नाही, पण त्यांना ती नीटशी आठवत नाही, ती वाचून दाखवावी. अतियाने नंदाबाईकडे पाहिलं.

"वाचा," नंदाबाई म्हणाली. "कशापायी गेलते ते मलेबी आयकू द्या."

कागद पिशवीत होते. का आणले होते ते अतियालाच सांगता आलं नसतं. ती वाचू लागली.  वाढत जाणारी कपाशी, न मांडलेलं ताट, आत नेलेली खाट. गुरुजींनी डोळे मिटले होते. शेंगा फुटल्याचा आवाज चालू होता. माणूस दिवस मावळताना परत येतो आणि बायको विचारते, कोण पाहिजे, इथपर्यंत अतिया आली आणि तो आवाज थांबला.

"हे खोटं हाय," नंदाबाई म्हणाली.

अतियाने कागद खाली घेतला.

"बाई ओळखत नाई, असं नाई होत. मास्तर त्या रोजी बांधावरून आले. म्या घरापासून पाह्यलं. तोंडबी दिसत नोतं. चाल त्यायची नोती, पिलेल्या माणसावाणी चालून राह्यलते. तरी म्या ओळखलं. धावत गेली." तिने सूप बाजूला ठेवलं. "त्यायनं नाई ओळखलं मले. मशीन निघाली तरी चार दिस नाई ओळखलं. रोज इचारे, तू कोण. मी सांगो, नंदा. पुन्हा घडीभरानं इचारे. मी पुन्हा सांगो."

गुरुजींनी डोळे उघडले. हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

"तुम्हाला भय वाटलं नाही?" अतियाने विचारलं.

"वाटलं नं. पर सांगाच लागे. कोणी सांगतलं असतं मंग?"

अतिया कागदाकडे पाहत राहिली. तिने इतका विचार केला होता त्या माणसाचा, गुरुजींनी त्याच्याही पुढचा केला होता, आणि दारातल्या बाईचा दोघांनीही केला नव्हता. तिला त्यांनी एक वाक्य देऊन उभं केलं होतं. तिने पेन काढलं आणि तिथंच, मांडीवर कागद ठेवून, शेवटचं पान आडवं खोडलं. मग नंदाबाईला विचारलं की ती त्याला ओळखते आणि तो तिला ओळखत नाही, असं झालं, तर मग पुढं ती काय करेल?

नंदाबाईने सूप पुन्हा जवळ ओढलं. "हात धुवाले पाणी देईन पहिले," ती म्हणाली. "औषधाचे हात असतात."

अतियाने ते लिहून घेतलं.

गोष्ट तिने पुढच्या चार दिवसांत पुन्हा लिहिली. भीती गेली नव्हती. लिहिताना अधूनमधून ती उठून जिन्यातून खाली पाहून यायची. पण आता गोष्टीतली बाई काहीतरी करत होती, आणि तिच्यामागे जाता जाता पानं भरत गेली. गुरुजींच्या त्या चार ओळी तिने ठेवल्या. आणखी कविता द्यायला ते नाही म्हणाले. त्यांनी सुचवलं की वहीतली टिपणं आहेत तशी घालावीत, वेळेसकट, आणि शेवटचं रेघांचं पानही. नंदाबाईने आधी नकार दिला, मग दोन दिवसांनी किसनसिंगकडून हो म्हणून निरोप पाठवला. अंक दिवाळी होऊन गेल्यावर निघाला. विमलताईंनी रेघांचं पान छापलं तेव्हा छापखानेवाल्याला ती चूक वाटली होती.

त्या वर्षी किसनसिंगने कपाशीत पुन्हा पंप नेला नाही. अळी पडली, बोंडं निम्मी किडली, जी वाचली ती नोव्हेंबरात फुटली. वेचणीच्या आधीची सीतादहीची पूजा झाली आणि वेचायला बाया आत शिरल्या, नंदाबाईही शिरली. गुरुजी अजून शाळेत रुजू झाले नव्हते. ते काठी घेऊन बांधावर येऊन बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने एकेकीचं नाव घेऊन हाक मारायचे. रुपीबाई, बबिता, नंदा. आतून ओ आली की पुढची हाक. वेचता वेचता मध्येच थांबून ओ द्यावी लागते म्हणून बाया कुरकुरायच्या. तिसऱ्या दिवशी अतिया गेली तेव्हा तिने स्वतः ऐकलं, गुरुजींनी अर्ध्या तासात चौथ्यांदा नंदा म्हणून हाक मारली, आणि उंच कपाशीच्या आतून कुठूनतरी वैतागलेला आवाज आला, "हाव, हाय मी, हाय. बसा जरा चूप."